उसनं काळीज

भैरव ऐन कामाच्या मधोमध डोळे मिटतो. दुसऱ्या कुणी मिटले असते तर मी म्हटलं असतं, झोप आली असेल बापड्याला. पण भैरव आमच्या फडाचा डोळा आहे. त्याला दिसतं तेच गिऱ्हाइकाला दिसतं. त्यानं पापण्या टाकल्या की चष्मा लावून बसलेला माणूस काळोखात.

त्या दिवशी पुन्हा तेच झालं. मी पडद्याआड माझ्या खुर्चीत बसले होते. समोर टीव्ही, त्यात भैरवच्या डोळ्यातलं चित्र. भाडेकरूच्या जुन्या गोष्टीचा पुढचा भाग चालू होता, त्यात माझ्या बहिणीची लेक निशिगंधा घरमालकीण आणि भैरव तिचा भाडेकरू. ती दार लोटून आत आली, केस सोडले, त्याच्या अगदी जवळ येऊन हसली, आणि टीव्ही काळा झाला.

"थांबवा!" मी ओरडले. "ए डोळ्या, मेलास का जिता हायेस?"

"धूळ गेली, मालकीण."

"सकाळपासनं दोनदा पाणी मारलंय शेडमध्ये. धूळ कुठनं आली, तुझ्या टाळक्यातनं?"

निशी पदर ओढून घेत पलंगावर बसली. "जाऊ दे की मावशे. माणसाची पापणी हाय, लवायचीच."

"पापणी लवती ती अशी," मी करून दाखवलं. "ह्यानं दुकानाचं शटर ओढलं."

भैरव परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. तो फार बोलत नाही. उंचापुरा, चाळिशीला टेकलेला गडी, आणि तोंडात शब्द असे की प्रत्येकावर जकात भरायची आहे.

आता हे काम काय ते सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं त्यांना इथूनच उठून जाता येईल. माझ्या आईचा तमाशाचा फड होता. दोन ट्रक, तंबू, राहुट्या, आणि गावोगाव तिच्या नावाच्या शिट्ट्या. माझ्या हातात आला तेव्हा शिट्ट्या कमी झाल्या होत्या, आणि पुढं तंबूत माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. फड मोडायची वेळ आली तेव्हा नजरपट निघाले. घोडनदीच्या काठी कांद्याची एक जुनी वखार होती, ती शेड मी घेतली, आत पलंग, दिवे, खोट्या भिंती लावल्या, आणि फड उभा राहिला तो आजवर उभा आहे.

नजरपट मोठ्या माणसांसाठीच असतात. डोळा होणाऱ्या गड्याच्या बुबुळांवर भिंगं बसवतात, त्यातून चित्र जातं. गिऱ्हाईक चष्मा लावतं आणि त्याला वाटतं आपणच त्या खोलीत आहोत, ती बाई आपल्याकडंच बघतेय. गोष्टी सगळ्या चोरट्या प्रेमाच्या. मालकाची बायको, समोरच्या बिऱ्हाडातली बाई, मित्राची थोरली बहीण. दोघं जाणती, दोघं राजी, फक्त जग नाही म्हणतं. लोकांना तेच लागतं. आमच्या वगात तरी दुसरं काय होतं? तिथं पडदा पडायचा, इथं जरा उशिरा पडतो, एवढाच फरक. किती उशिरा ते नजरपट विकणारी पुण्याची कंपनी नाही ठरवत. दोघांच्या मनगटाला पट्टा असतो, कुणीही बोट दाबलं की काम बंद. शिवाय एक वडीलधारी बाई तिथं हजर लागते, तिनं नको म्हटलं की नको. ती बाई मी. माझ्या समोर आजवर कुणाच्या अंगाला मनाविरुद्ध बोट लागलेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगते.

आणि आमच्या फडाचा एक रिवाज आहे, आईपासूनचा. वगात बाईच्या जोडीला जो उभा राहतो त्याच्या ताटात तिनं कामाबाहेर वाढायचं नाही. गळ्यात हात टाकला तर ते काम. भाकरी वाढली तर ते घर. आई सांगायची, ह्या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की बाईला रात्री कळत नाही आपण कुठं नाचतोय आणि कुठं जगतोय. म्हणून निशी सगळ्यांना वाढते आणि भैरवच्या ताटापाशी आली की टोपली माझ्या हातात देते. बरीच वर्षं असंच चाललंय. त्यानं कधी मान वर केली नाही, तिनं कधी टोपली द्यायला उशीर केला नाही.

डोळे मिटण्याची तक्रार मी पुण्याला केली. कंपनीचा ऋत्विज म्हणून एक पोरगा आहे, तो गाडी घेऊन आला. येताच म्हणाला, "आक्का, कशा आहात?"

"तुझी आक्का घरी असंल. मला मालकीण म्हण."

"बरं, मालकीण. भैरवला रागावू नका. तो डोळे मिटतो तेच आम्हाला हवंय."

मला वाटलं पोराला ऊन लागलं. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं मला समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

चष्म्याबरोबर गिऱ्हाईक एक जाकीटही घालतं. डोळा झालेल्या गड्याच्या छातीवर एक टिकली चिकटवलेली असते, ती त्याच्या काळजाचे ठोके, त्याचा श्वास, त्याच्या कातडीची ऊब टिपते. ते सगळं जाकिटातून गिऱ्हाइकाच्या छातीवर उमटतं. गंमत अशी की माणसाच्या मेंदूला आपले ठोके आणि वरून पडणारे ठोके वेगळे करता येत नाहीत. छातीत धडधडलं की मेंदू कारण शोधायला लागतो. समोर बाई दिसते. मेंदू म्हणतो, हिच्यामुळंच. झालं प्रेम.

"मग कुणाचे बी ठोके लावा की," मी म्हटलं.

"आधी तसंच करायचो. चित्र एकाचं, काळीज भाड्यानं आणलेलं दुसऱ्याचं. पण लोकांना मळमळायचं, गाडी लागल्यासारखं. नजर वळते त्याच्या आधी क्षणभर काळीज हललेलं असतं, मालकीण. ज्याची नजर त्याचंच काळीज लागतं. आणि भैरवचं काळीज म्हणजे..." त्यानं मोबाइलवर डोंगरासारख्या रेघा दाखवल्या. "बाकीचे डोळे बघा. कपडे उतरले की रेघ वर. भैरवचं उलटं आहे. रेघ वर जाते ती निशिगंधाबाई नुसत्या हसल्या की. आणि डोळे मिटतो तिथं सगळ्यात उंच. अंधारात चित्र काहीच नाही, तरी लोक तेवढा तुकडा परत परत बघतात. बाकीचे नजरपट पुढं पळवतात, हे एक पळवत नाहीत."

"मग तक्रार काय हाय?"

"तक्रार नाही, विनंती आहे. तुमचा तो ताटाचा रिवाज आहे ना, तो अजिबात सोडू नका. त्या दोघांना कामाबाहेर जवळ येऊ देऊ नका. मनाई आहे म्हणून ही रेघ आहे. उद्या मनाई उठली तर रेघ बसेल."

तो गेला. माझ्या आईचा रिवाज. तो आम्ही अब्रूसाठी पाळला, आणि हा पोरगा तो बाटलीत भरून विकत होता. वर मलाच सांगत होता, जपा म्हणून.

तरीही मी भैरवला काही बोलले नाही. काळीज हलतं म्हणजे काय, पुरुषांची काळजं एसटी दिसली तरी हलतात. मी विषय सोडून दिला. तो सुटला नाही, कारण पुढच्याच आठवड्यात उंबरे आले.

दत्तप्रसाद उंबरे, बार्शीचे, रोपवाटिका चालवतात. पन्नाशीच्या आतले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भर दुपारी गेटातून आले, हातात मोगऱ्याचं रोप, पायातल्या चपला बाहेर काढलेल्या. असलं गिऱ्हाईक आम्ही गेटावरूनच परत पाठवतो. पण हा माणूस मला वाकून नमस्कार करून म्हणाला, "बाई, मी निशिगंधाबाईंना मागणी घालायला आलोय. त्या काय काम करतात ते मला ठाऊक आहे. ते त्यांनी चालू ठेवावं का नाही, हा त्यांचा प्रश्न."

मी निशीला हाक मारली. तिनं हात पुसत येऊन ऐकून घेतलं.

"मला का?" तिनं विचारलं.

उंबरे जरा अडखळले. "त्या भाडेकरूच्या गोष्टीत तुम्ही ताट वाढता. भाकरी ठेवता आणि वर बघता. तिथं माझ्या छातीत... कसं सांगू. मला वाटलं मी जन्मभर उपाशी होतो आणि मला माहीतच नव्हतं. माझी बायको चांगली होती हो, पण असं तिच्यासाठीही कधी झालं नाही. वर्षभर हे अंगावर घेऊन हिंडतोय. म्हटलं, निदान विचारावं."

निशी हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर जी लाज आली ती मी तिच्या लहानपणानंतर बघितली नव्हती. शेवटी म्हणाली, "आलाय तसे जेवून जा."

पंगत बसली. उंबऱ्यांना मी मानानं मध्ये बसवलं. भैरव नेहमीसारखा टोकाला. निशीनं कमरेला पदर खोचला आणि वाढायला घेतलं. उंबऱ्यांच्या ताटात तिनं भाकरी ठेवली आणि वर बघितलं, अगदी नजरपटात बघते तशी. मुद्दाम बघितलं, मला कळलं. बाई माणसाची परीक्षा घेत होती.

उंबऱ्यांनी भाकरीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, हात छातीशी नेला, आणि थोडा वेळ तसेच थांबले. गाडी स्टँडवर लागेल म्हणून वाट बघणारा माणूस थांबतो तसे. मग मान खाली घालून जेवायला लागले.

टोकाला भैरवच्या ताटात मी भाकरी टाकली. त्यानं ती मोडलीसुद्धा नाही.

जेवण झाल्यावर अंगणात उंबरे म्हणाले, "खोटं बोलून मला संसार मांडायचा नाही. ते आज झालं नाही. वांग्याची भाजी फार चांगली होती, तुम्ही समोर होता, सगळं तसंच होतं. पण ते छातीतलं आलं नाही."

"म्हंजे प्रेम नव्हतंच?" निशीनं विचारलं.

"होतं. पण माझं होतं की जाकिटाचं, ते आता मला सांगता येत नाही." मग त्यांनी मोठ्या मनानं पुढचं बोलून टाकलं. "तरी मी माघार घेत नाही. माणूस म्हणून तुम्ही मला आवडलात. ते दुसरं येईल हळूहळू, नाही आलं तरी मी तुम्हाला नीट वागवेन. विचार करून सांगा."

"उद्या सांगते," निशी म्हणाली.

ते गेल्यावर ती मोगऱ्याचं रोप हातात घेऊन पायरीवर बसली. मी शेजारी टेकले.

"काय सांगणार?"

"हो म्हणीन बहुतेक."

"अगं, त्याच्या छातीत काही झालं न्हाई म्हणतोय!"

"माझ्या तरी कुठं झालं? पण मावशे, दिवसाउजेडी दारातनं आत येऊन, चपला काढून, मला विचारलं त्यानं. आजवर कुणी विचारलं? हितं सगळे बघणारे. बोलणारा एक न्हाई." एवढं बोलून तिनं शेडकडं बघितलं. भैरव दारात तारा गुंडाळत बसला होता. "आणि झाडं तरी हायेत त्याच्याकडं. अगदीच कंटाळा आला तर झाडांशी बोलीन."

ती आत गेली. मी मात्र तिथंच राहिले. वाढताना वर बघितलं तर जन्माची भूक लागते, हे उंबऱ्याच्या छातीतलं नव्हतं तर ते ठोके ज्याचे होते त्याचे होते, इतपत मला ऋत्विजनं शिकवून ठेवलं होतं. पण मला दुसऱ्याचं ऐकून काही ठरवायची सवय नाही.

म्हणून मी उठले, शेडमध्ये गेले, आणि सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा तो चष्मा आणि ते जाकीट अंगावर चढवलं. आमच्यात कुणी आपलं काम बघत नाही, आणि निशीनं तर जाकिटाला हातसुद्धा लावलेला नाही. यंत्र सांभाळणाऱ्या पोरीला म्हटलं, भाडेकरूची गोष्ट लाव आणि बाहेर जा.

आधी काही कळेना. माझे हात पुरुषाचे झाले होते, आणि माझी छाती आत कुणीतरी राहायला आल्यासारखी हलत होती. पुढं पलंगाचा भाग आला. तिथं ठोके जोरात होते, पण सरळ. ओझं घेऊन चढ चढणाऱ्याचे असतात तसे. मी म्हटलं, हे काम आहे, हे मला ओळखीचं आहे. मी चष्मा काढणार होते.

तेवढ्यात निशी ताट घेऊन आली. खोटं ताट, खोट्या घरातलं, पण भाकरी खरी होती, आमच्याच चुलीवरची. ती वाकली, भाकरी ताटात ठेवली, वर बघितलं.

माझ्या छातीतला ठोका चुकला. एक नाही, दोन. मग असं काही वर आलं की मी खुर्चीचे हात धरले. तहान नव्हे, हाव नव्हे. एखाद्याच्या दारात वर्षानुवर्षं उभं राहावं आणि आतून कुणीतरी ये म्हणावं, तसं. आणि लगेच अंधार. भैरवनं डोळे मिटले होते. अंधारात फक्त ते ठोके, आणि मला तिथं कळलं तो काय करत होता. तेवढं एक चित्र त्याला कुणाला द्यायचं नव्हतं. ते तो स्वतःसाठी ठेवत होता. पण डोळे मिटता येतात, काळीज मिटता येत नाही. ते टिकलीतून जातच होतं.

भाकरी ताटात पडली म्हणून ज्याचं काळीज असं उडेल असा माणूस ह्या जगात एकच. ज्याला ती भाकरी मना आहे तो. बार्शीच्या माणसाला हे कळायचं कारण नव्हतं, आणि पुण्याच्या पोराला मनाई कळली होती, भूक नव्हे. उंबऱ्याला वाटलं ती निशीच्या नजरेची जादू.

मी जाकीट काढून फेकलं. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते पदरानं पुसलं, आणि मला त्या पाण्याचाच राग आला. माझ्या म्हाताऱ्या छातीत ह्या मुक्या गड्यानं काय म्हणून शिरावं?

बाहेर येऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. तो हातातली तार तशीच धरून उठला.

"भैरव, निशी उद्या उंबऱ्याला हो म्हणणार हाय."

त्याचा चेहरा हलला नाही. हातातली तार मात्र गळून पडली.

"चांगला माणूस आहे," तो म्हणाला.

"माणूस चांगला हाय. तू कसा हायेस ते बघायला आले मी. मी चष्मा लावला होता आत्ता."

तो पांढरा पडला. खाली पडलेली तार उचलत म्हणाला, "रिवाज होता, मालकीण. मी तुमचा रिवाज मोडला नाही."

"रिवाज वाढायचा हाय. बोलायला कधी मना केलं होतं? तुझं तोंड माझ्या आईनं शिवलं का?"

"बोललो असतो आणि तिला नको असतं, तर ती उद्यापासून माझ्यासमोर काम कसं करणार होती? तिचं जगणं आहे ते."

हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

"म्हणून तू न सांगता तिच्यासमोर बसत राहिलास. नीट ऐक आता, माझा निकाल देते. पोरीनं तुझ्या कामाला होकार दिला होता. तुझ्या मनाला न्हाई. ते मन तू रोज तिच्यासमोर घेऊन बसलास, तिला न विचारता, आणि सगळ्या मुलखाच्या छातीत वाटून आलास. बार्शीच्या माणसाच्या छातीत गेलं, पुण्याच्या पोराच्या मोबाइलात गेलं, मला म्हातारीला कळलं. जिला कळायला पायजे तीच तेवढी बाहेर. हा तुझा गुन्हा. आजपासून तू फडाचा डोळा न्हाईस. भिंगं काढ आणि हितं माझ्या हातावर ठेव. कंपनीला काय सांगायचं ते मी सांगते, त्यांची रेघ बसू दे न्हाईतर उठू दे. जोडीच राहिली न्हाई तर रिवाज बी लागत न्हाई, आईला मी तोंड द्यायला मोकळी. ती आत चुलीपाशी हाय. जा आणि तोंडानं सांग, डोळ्यानं न्हाई. उंबऱ्याचं नाव वाईट काढायचं न्हाई. ती नको म्हणाली तर एक शब्द न बोलता गाठोडं उचलायचं आणि फाट्यावर जाऊन उभं राहायचं. आणि हो म्हणाली तर लगेच ताट पुढं करू नकोस, भुकेल्या. तिला म्हणावं, तू बस. आणि तिच्या ताटात तू वाढ."